सुप्याचा दंगा व त्यामागून आलेले कायदे

भीमथडीचे नाव निघाले की मराठी वाचकास प्रथम घोडे आठवतात. ज्या तट्टांना मराठ्यांनी यमुनेचे पाणी पाजले अशी प्रौढी आपण अद्याप मिरवितो, ती ह्याच मुलखातली. ह्याच भीमथडीत, आजच्या बारामती तालुक्यात, सुपे हे गाव आहे. शहाजीराजांच्या जहागिरीतील हे एक ठाणे. तेथील संभाजी मोहित्यांस बाजूस सारून शिवाजी महाराजांनी ते आपल्या हाती घेतले, ही कथा शाळकरी मुलांसही ठाऊक असते. परंतु सुप्याचे नाव आणखी एका ठिकाणी नोंदलेले आहे व तिकडे आपले लक्ष फारसे जात नाही. ते ठिकाण म्हणजे हिंदुस्थानातील कायद्यांचा इतिहास होय. बुधवार, ता. १२ मे १८७५ रोजी ह्या गावात जे घडले त्याचे पडसाद मुंबई, सिमला व लंडन येथपर्यंत उमटले आणि त्यातून चार वर्षांनी एक नवा कायदा जन्मास आला.

कोठे दंगल झाली, कोणाचे घर जळाले, कोणावर गोळी झाडली गेली की लोक कायदा मागतात व सरकार कायदा करते. हा प्रघात आजचा नाही व एकट्या आपल्या देशातलाही नाही. तथापि अशा प्रत्येक प्रसंगात अनेक कारणांची गुंतागुंत असते आणि कायदा त्यांतील एखादेच कारण उचलतो. कोणते उचलले व कोणते तसेच राहू दिले, हे पुष्कळ वर्षांनी मागे वळून पाहिले म्हणजे नीट दिसते. सुप्याच्या बाबतीत ते पाहावे, एवढाच आमचा येथे हेतू आहे.

सुपे हे बाजाराचे गाव. आसपासच्या खेड्यांतील कुणबी तेथे येत आणि तेथे दुकाने मांडून बसलेले मारवाडी व गुजर सावकार त्यांना धान्य, कापड व रोकड उधारीने देत. त्या दिवशी भोवतालचे शेतकरी तेथे जमले, त्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे मागितले आणि ते मिळेनात तेव्हा दुकाने फोडली. पुण्याचे जिल्हा मॅजिस्ट्रेट शनिवारी, १५ तारखेस, गावी पोहोचले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जे लिहून कळविले त्यावरून एका सावकाराचे घर जळून गेले होते, सुमारे डझनभर घरे फोडून रिकामी केली होती, आणि हिशेबाचे कागद, रोखे, धान्य व गावठी कापड रस्त्यातच जाळले होते. त्या राखेचे ढीग तीन दिवसांनीही तसेच पडलेले होते. पन्नास माणसे पकडली गेली व सुमारे २,००० रुपयांचा माल परत मिळाला. नुकसानीचा सरकारी अंदाज २५,००० रुपयांहून अधिक होता; सावकारांचे म्हणणे एक लाखावर गेले होते. हे अंतर केवळ अतिशयोक्तीचे म्हणून सोडून देणे आम्हांस बरोबर वाटत नाही. मॅजिस्ट्रेटाने पाहिलेले कापड व धान्य मोजता येते. जळालेल्या रोख्याची किंमत मात्र कागदाच्या भावाने करावयाची की त्यावर लिहिलेल्या आकड्याने, हाच तर सगळा तंटा होता!

हा वणवा सुप्यावर थांबला नाही. एक-दोन दिवसांत जवळपासच्या गावांतून आगी लागल्या आणि पुढे तो शिरूरकडे व अहमदनगर जिल्ह्यात पसरला. तीसहून अधिक गावांस त्याची झळ लागली. फौज आणावी लागली व गावोगाव पोलिसांची ठाणी बसली. पुणे व नगर ह्या दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसे पकडली गेली. त्यांपैकी ५०१ जणांस शिक्षा झाल्या व उरलेले सुटले. मुंबई सरकारने प्रथम ह्यास फारसे महत्त्व दिले नाही; परंतु १८५७ ला अवघी अठरा वर्षे लोटलेली असल्यामुळे हिंदुस्थान सरकार घाबरले. पण चौकशीअंती दिसून आले ते असे की, ह्या जमावांनी सरकारी खजिन्याकडे वा कचेरीकडे ढुंकून पाहिले नव्हते. त्यांना हवे होते कागद. सावकाराने मुकाट्याने रोखे काढून दिले तर बहुधा तेवढ्यावरच काम भागे. तो दार लावून बसला तर मात्र धाक, मारहाण व आग. रक्तपात त्या मानाने फारच थोडा झाला.

कागदाविषयी एवढा राग का उत्पन्न झाला, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. सावकार आपल्या खेड्यांस नवा नव्हता. पेशवाईतही कुणबी कर्ज काढीत होता. परंतु त्या काळी व्याज मुद्दलाहून अधिक मागता येत नसे. हाच आपला जुना दामदुपटीचा नियम. शिवाय तंटा पडल्यास तो पंचांपुढे जाई, आणि पंचांस दोन्ही पक्षांची घरे, शेते व पिके ठाऊक असत. इंग्रजी अमलात ही घडी पालटली. व्याजाच्या दरावर कायद्याची जी मर्यादा होती ती १८५५ मध्ये काढून टाकली गेली. १८५९ चा मुदतीचा कायदा तर ऋणकोच्या हिताकरिता म्हणून केलेला. रोखा तीनच वर्षे चालावा, म्हणजे व्याज साचणार नाही, अशी त्यामागील कल्पना. घडले उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार कुणब्यास बोलावून घेई, थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहवून घेई, आणि त्या फुगलेल्या मुद्दलावर पुन्हा व्याज सुरू होई. कुणबी अक्षरशत्रू, कागदावर काय आहे हे सावकाराच्या तोंडून कळेल तेवढेच त्याला कळे. पुढे दावा लागला तर कोर्ट दूर, समन्स हाती पडेल तर शपथ, आणि हुकूमनामे बहुतेक एकतर्फी होत. न्यायाधीशापुढे सही केलेला कागद असे. त्याच्या मागे काय घडले हे विचारण्याची त्यास गरज नव्हती.

त्यातच अमेरिकेतील यादवी युद्ध आले. १८६१ ते १८६५ पर्यंत लँकेशायरच्या गिरण्यांस हिंदुस्थानचा कापूस हवा होता, म्हणून मुंबईचा पैसा दख्खनच्या खेड्यापाड्यांत ओतला गेला व कर्ज मागेल त्यास मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले व सावकारांनी हात आखडले. नेमक्या ह्याच सुमारास, १८६७ च्या पुढेमागे, इंदापूर व भीमथडी भागांत तीस वर्षांची जुनी जमाबंदी संपून नवा, पुष्कळच वाढीव सारा बसला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने ह्या वाढीविरुद्ध आवाज उठविला. सरकारने १८७४ मध्ये वाढीवर काही मर्यादा घातल्या खऱ्या, पण तोवर फार उशीर झाला होता. सारा भरावयास पैसे नाहीत, आणि सावकार देत नाही! कुणब्याच्या दृष्टीने त्याने आजवर चालत आलेला संबंधच मोडला होता. जो माणूस वर्षानुवर्षे देत आला त्यानेच आता न देता नुसते मागावे, ह्याचा राग त्यास कर्जाच्या आकड्याहूनही अधिक आला असावा असे आम्हांस वाटते.

सुप्याच्या आधी काही महिने, शिरूर तालुक्यातील करडे गावी, ह्या रागाचा एक निराळा प्रकार दिसला होता. तेथील काळूराम नावाच्या मारवाड्याने बाबासाहेब देशमुख ह्यांजवर सुमारे दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळविला व त्यापायी त्यांच्या मालमत्तेवर टाच आणली. देशमुखांनी सारा गाव उठविला. मारवाड्याच्या दुकानी कोणी जावयाचे नाही, त्याचे शेत कोणी करावयाचे नाही, न्हाव्याने त्याची हजामत करावयाची नाही, परटाने कपडे धुवावयाचे नाहीत, असा निर्बंध डिसेंबर १८७४ मध्ये घातला गेला. पुढे हे लोण आजूबाजूच्या गावांत गेले. ज्यांच्यापाशी वकिलाची फी द्यावयास पैसा नव्हता त्यांनी आपल्या हातातले हे जुने शस्त्र उपसले, असे कोणी म्हणेल, व ते खोटे नाही. परंतु हेच शस्त्र आपल्या गावांनी महारामांगांविरुद्ध, विधवाविवाह करणाऱ्यांविरुद्ध व जातीबाहेर पाऊल टाकणाऱ्यांविरुद्ध कितीदा वापरले आहे, ह्याचे स्मरण वाचकांस असेलच. ते कोणाच्या हातून चालले ह्यावरून त्याची धार बदलत नाही.

आता आम्ही त्या गोष्टीकडे येतो, जी सांगताना आपले इतिहासकार बहुधा घाईने पुढे सरकतात. सरकारने नेमलेल्या चौकशी-मंडळाने आपला अहवाल १८७६ मध्ये पुरा केला. त्यात एक निरीक्षण आहे: दंग्यांत बळी पडले ते जवळजवळ सगळे मारवाडी व गुजर सावकार होते; आणि ज्या गावांत ब्राह्मण व इतर जातींचे सावकारही होते, तेथेही बहुतेक ठिकाणी मारवाड्यांनाच काय तो उपसर्ग झाला. व्याज ब्राह्मण सावकारही घेत होता. रोखे त्याच्याही पेटीत होते. मग त्याचे दार का वाजले नाही? तो गावचा होता, कुळकर्ण्याचा सोयरा होता, त्याच्या घरचा कुळाचार गावास ठाऊक होता, त्याच्या कठोरपणास भिडेची मर्यादा होती, अशी उत्तरे देता येतील, आणि त्यांत तथ्यही आहे. परंतु ह्या उत्तरांचा अर्थ शेवटी एवढाच होतो की, जमावाने अपराध पाहून माणूस निवडला नाही. माणूस पाहून अपराध पाहिला. जो बाहेरून आला, ज्याची बोली निराळी, ज्याची पगडी निराळी, त्याचे घर आधी पेटले. सुप्याच्या दंग्यास आपण शेतकऱ्यांचा उठाव म्हणतो व तो होताच. त्या रात्री बायकामुलांसह दार लावून बसलेल्या दुकानदारास मात्र त्याच्या व्याजाच्या दराबद्दल कोणी विचारीत नव्हते. तो मारवाडी होता एवढे पुरेसे झाले होते.

ह्याला जोड मिळाली ती एका अफवेची. कोणा इंग्रज गृहस्थास मारवाड्याने बुडविले, त्याने राणीकडे अर्ज केला, आणि राणीने हुकूम पाठविला की मारवाड्यांनी सर्व रोखे परत द्यावेत, अशी कंडी त्या मुलखात पसरली होती. कोठे ती थोडी सौम्य रूपात सांगितली जाई. पण विलायतेहून हुकूम आहे, सरकारी अंमलदार कानाडोळा करतील, एवढा विश्वास सर्वत्र होता. आम्हांस हा भाग साऱ्या अहवालात अत्यंत विचार करण्याजोगा वाटतो. लोक कायदा मोडावयास निघाले नव्हते. आपण कायदाच बजावीत आहो अशा समजुतीने निघाले होते. वरच्यांची संमती आहे असे एकदा वाटले की एरवी पापभीरू असलेला माणूसही शेजाऱ्याच्या दारावर धोंडा घालावयास कचरत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून पाच भिक्षेकरी जमावाने ठार मारले. तेथे अफवा दुसरी होती व परिणाम कितीतरी भयंकर झाला. परंतु अनोळखी, बाहेरचा, म्हणून दोषी, हा हिशेब तोच.

आता कायद्यांकडे वळू. सुप्याच्या दंग्यानंतर पाच वर्षांच्या आत दोन कायदे झाले. पहिला १८७८ चा हत्यारांचा कायदा. तो काही सुप्यामुळे झाला असे नाही. लॉर्ड लिटन ह्यांच्या एकंदर धोरणाचा तो भाग होता, व १८५७ नंतर हत्यारे काढून घेण्याचा क्रम आधीपासूनच चालू होता. तरीपण ज्या राज्यकर्त्यांनी नुकताच दख्खनचा दंगा पाहिला होता त्यांच्याच हातून तो आला, म्हणून येथे त्याचा विचार अप्रस्तुत होणार नाही. परवान्यावाचून बंदूक वा तरवार बाळगणे गुन्हा ठरला. युरोपियनांस मात्र सूट. ही गोरे-काळे निवड पुढे चाळीस वर्षे टिकली व काँग्रेसने तिच्याविरुद्ध वारंवार ठराव केले. बंदुका आवरण्याचा हेतू वाईट असे आम्ही म्हणत नाही. स्वतंत्र भारतानेही १९५९ चा कायदा केला, २०१९ मध्ये तो अधिक कडक करून एका माणसास दोहोंहून अधिक बंदुका ठेवण्याची मनाई केली, आणि लग्नवरातीत बार काढणे हाही शिक्षेस पात्र गुन्हा केला. आमचे म्हणणे एवढेच की, सुप्यास बंदूक नव्हतीच. तेथे धोंडे होते, कुऱ्हाडी असतील आणि काड्याची पेटी होती. १८७८ चा कायदा आदल्या दिवशी अमलात असता तरी त्या गावचे एकही घर त्याने वाचविले नसते.

आणि जेथे बंदुका होत्या तेथे तरी काय झाले? कायदा होऊन वर्ष झाले नाही तोच, फेब्रुवारी १८७९ मध्ये, पुण्याच्या लष्करी हिशेब-कचेरीतील कारकुनी सोडलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोश्यांस जमवून शिरूर तालुक्यातील धामारी लुटले. घरे पुन्हा मारवाड्यांचीच. फडक्यांचे ध्येय राज्यक्रांतीचे होते व १८७६-७७ च्या दुष्काळाने त्यांचे अंतःकरण पेटले होते, हे आम्ही विसरत नाही. सार्वजनिक काकांसारख्या सभ्य गृहस्थाने त्यांचे वकीलपत्र घ्यावे, ह्यातच पुण्याच्या मनाची स्थिती दिसते. परंतु परवान्याच्या कायद्याने त्यांचा मार्ग अडला नाही, हे खरे.

दुसरा कायदा १८७९ चा, दख्खनच्या शेतकऱ्यांच्या दुःखनिवारणाचा. तो पुणे, सातारा, सोलापूर व नगर ह्या चार जिल्ह्यांसाठी झाला व त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्या काळच्या मानाने तो विलक्षण होता. इंग्रजी कायद्याचा पाया असा की, शहाण्या माणसाने जो करार केला तो त्याने पाळला पाहिजे. ह्या कायद्याच्या बाराव्या कलमाने न्यायाधीशास सांगितले की, कागद पाहून थांबू नका. त्याच्या मागे जा. पहिले कर्ज केव्हा, किती, रोख किती दिले, व्याज किती मिळविले, धान्य किती परत घेतले, हा सगळा इतिहास आरंभापासून काढा आणि मग हिशेब नव्याने मांडा. थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक धरू नका, म्हणजे आमची दामदुपट पुन्हा दारी आली. कर्जापायी कैद बंद झाली. खास गहाण न दिलेली जमीन साध्या देण्यासाठी विकता येईना. हप्ते बांधून देण्याची सोय झाली. रोखे गावच्या नोंदणीदारासमोर लिहावेत, धनकोने पावती द्यावी, दावा लावण्यापूर्वी सलोखा करणाऱ्या गृहस्थापुढे जावे, मुदत तीन वर्षांवरून वाढावी, अशी इतर कलमे होती. न्यायमूर्ती रानड्यांनी १८८१ पासून ह्या कायद्याखाली पुष्कळ वर्षे काम केले. गावोगाव फिरून निकाल तपासणे हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. दख्खनच्या शेतीविषयी त्यांनी जे लिहिले त्यास ह्या फिरस्तीचे बळ होते.

ह्या कायद्याने सर्व दुःख निवारले असे मात्र कोणी समजू नये. सावकार कायद्याहून हुशार निघाला. गहाण लिहून घेतले तर न्यायाधीश हिशेब उघडतो, तेव्हा त्याने गहाणाऐवजी सरळ खरेदीखत लिहवून घेण्यास आरंभ केला. जमीन परत देण्याची गोष्ट तोंडी राहिली. पुढे दुरुस्ती करून, हे खरेदीखत वस्तुतः गहाणच होते असे सिद्ध करण्याची मुभा द्यावी लागली. गरीब कुळास कर्ज मिळणेच कठीण झाले अशीही तक्रार झाली. वाढलेल्या साऱ्याचा प्रश्न तर कायद्याने शिवलाही नाही, आणि चौकशी-मंडळातील ऑकलंड कॉल्व्हिन ह्यांनी त्यावर बोट ठेवले असताही सरकारने सगळा दोष सावकार व कोर्ट ह्यांच्यावर टाकून आपले अंग काढून घेतले. जोतीराव फुल्यांनी थोड्याच वर्षांत 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो उगाच नव्हे. असे असूनही आम्ही ह्या कायद्यास मान देतो. कुणब्याच्या हातातील काडी विझविण्यापेक्षा त्याने ती का पेटविली हे विचारण्याची बुद्धी सरकारास झाली, आणि विचारून झाल्यावर न्यायाधीशाच्या हाती काही दिले गेले. पुढे हा कायदा साऱ्या मुंबई इलाख्यास लागू झाला व १९३९ आणि १९४७ च्या ऋणनिवारणाच्या कायद्यांनी त्याची जागा घेईपर्यंत टिकला. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी-नियमन कायद्यातही बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत देवविण्याची जी तरतूद आहे, ती ह्याच घराण्यातली होय.

उरला तो द्वेष. ऋणको मोकळा व्हावा म्हणून कायदा झाला, हत्यारे आटोक्यात यावीत म्हणून कायदा झाला. परंतु एका समाजाचीच घरे निवडून जाळली गेली, ह्या गोष्टीस स्वतंत्र नाव देणारे एकही कलम त्या काळी घातले गेले नाही. ज्यांना शिक्षा झाल्या त्या लूट, दंगा वा जाळपोळ ह्यांबद्दल. लोकांच्या वर्गावर्गांत वैर वाढविणे हा गुन्हा पुढे १८९८ मध्ये दंडसंहितेत आला, तोही टिळकांवरील पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यानंतर राजद्रोहाचे कलम अधिक कडक करण्यात आले त्याच वेळी. त्या जन्मवेळेमुळे ह्या कलमाचे तोंड वर्तमानपत्राकडे वळलेले होते; सुप्याच्या दुकानदाराकडे नव्हते. आजच्या भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, हेच कलम १९६ व्या क्रमांकाने आलेले आहे, आणि त्यात धर्म व भाषा ह्यांबरोबर जन्मस्थानाचाही उल्लेख आहे. शिवाय १०३ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात, पाच किंवा अधिक माणसांनी मिळून जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणाने केलेला खून हा वेगळा गुन्हा गणला असून त्यास मरण वा जन्मठेप सांगितली आहे. जबर दुखापतीसाठीही तशीच वेगळी तरतूद आहे. ही कलमे देहाचा विचार करतात. दुकान जाळताना ते कोणाचे म्हणून जाळले, हा प्रश्न त्यांत नाही.

करड्याच्या काळूरामाचे काय, हेही पाहिले पाहिजे. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला व तो २०१७ पासून अमलात आला; तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. असा निराळा कायदा करणारे हे आपल्या देशातील पहिले राज्य, आणि त्याचा अभिमान वाटावा हे योग्यच. तथापि तो मुख्यत्वे जातपंचायतींनी आपल्याच समाजातील माणसावर टाकलेल्या बहिष्कारास उद्देशून घडविलेला आहे. अनुसूचित जातिजमातींवरील बहिष्कारास त्यांच्या संरक्षणाच्या कायद्यात निराळे कलम आहे. गावाने परगावच्या, परभाषेच्या दुकानदाराची केलेली नाकेबंदी ह्या दोहोंतही सहजासहजी बसत नाही. दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्याविरुद्ध देशमुखांस कोर्टापुढे हिशेब उघडून मागण्याची सोय पाच वर्षांनी झाली. न्हावी व परीट बंद झालेल्या काळूरामाने कोणत्या कलमाखाली अर्ज करावा, हे आजचा वकीलही त्यास चटकन सांगू शकणार नाही.